लोंगेवालाचं हंटर टेबलावर उतरवताना

जमिनीवर झुंजणाऱ्या तुकडीच्या मदतीला आलेलं विमान हा मॉडेलवाल्यांचा लाडका प्रसंग, आणि बहुतेकांचा फसणाराही. एका बोर्डावर १:७२ चे (म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याचे) दोन रणगाडे, त्यांच्यावर वीतभर उंचीवर १:७२ चं विमान, मध्ये कापसाचा धूर. विमान सुरेख रंगवलेलं असतं, रणगाडेही चांगले असतात, पण सगळं मिळून विमान रणगाड्यावर बसायलाच निघालंय असं दिसतं. दोष हाताचा नसतो, अंतराच्या हिशोबाचा असतो. म्हणून आधी हिशोब, मग किट.

प्रसंग घेऊ ५ डिसेंबर १९७१ च्या सकाळचा. राजस्थानच्या सीमेवरच्या लोंगेवाला चौकीवर २३ पंजाब पलटणीची एक कंपनी, प्रमुख मेजर कुलदीपसिंग चांदपुरी. समोर रात्रीपासून पाकिस्तानी रणगाडे: टी-५९ आणि काही शर्मन. हवाई मदत यायची ती जैसलमेरहून, सरळ रेषेत सुमारे शंभर किलोमीटरवरून. तिथे हवाई दलाच्या ऑपरेशनल कन्व्हर्जन युनिटची हंटर विमानं होती. त्यांच्यावर रात्री लढण्याची साधनं नव्हती, त्यामुळे उजाडेपर्यंत चौकीने एकटीनेच तग धरला. ही गोष्ट मॉडेलच्या दृष्टीने फार महत्त्वाची: प्रकाश डिसेंबरातल्या कोवळ्या उन्हाचाच हवा, दुपारचा नाही.

अंतराचा हिशोब

विमान १:७२ चं ठेवा, रणगाडे १:३०० चे. हाच या मांडणीचा कणा.

पाया ४५ × ६० सेंमी. विमान पायापासून २० सेंमी उंच, नाक २५ अंश खाली. नाकाची रेष पुढे वाढवली तर ती साधारण ४३ सेंमीवर जमिनीला टेकते, म्हणजे लक्ष्य पायाच्या आत राहतं. तोफांच्या माऱ्यासाठी प्रत्यक्षात यापेक्षा उथळ, १०-१५ अंशांचा उतार असतो. पण १५ अंश ठेवले तर तीच रेष ७५ सेंमीवर पोचते आणि विमान बोर्डाबाहेरच्या फ्लॉवरपॉटवर गोळ्या झाडतंय असं दिसतं. २५ ही तडजोड आहे आणि ती करायलाच हवी.

आता बघणाऱ्याचा डोळा विमानाच्या ४० सेंमी वर आणि २० सेंमी मागे आहे असं धरा. डोळा ते विमान ४५ सेंमी. त्याला ७२ ने गुणलं की ३२ मीटर. डोळा ते रणगाडा ८७ सेंमी. रणगाडाही १:७२ चा असेल तर ते होतात ६३ मीटर, म्हणजे विमान आणि रणगाड्यात जेमतेम ३० मीटर. रणगाडा १:३०० चा असेल तर तेच ८७ सेंमी २६० मीटर होतात आणि मधलं अंतर २३० मीटर भासतं. बोर्ड तोच, टेबल तेच.

यातून एक अट येते: हे मॉडेल भिंतीवरच्या शोकेसमध्ये ठेवायचं नाही. ७५ सेंमी उंचीच्या टेबलावर ठेवा, म्हणजे उभ्या माणसाने जरा वाकलं की डोळा बरोबर जागी येतो. शोकेसमध्ये डोळा विमानाच्या पातळीला आला की सगळी जादू संपते आणि रणगाडे मुंग्यांसारखे दिसतात.

काय काय लागेल

१:७२ चं हंटर एफ-६ किंवा एफजीए-९ चं किट. रेव्हेलचं या मापात नीट बसतं. भारताने घेतलेलं एफ-५६ हे एफ-६ वरच बेतलेलं. बांधून झाल्यावर लांबी १९४ मिमी आणि पंखांचा पसारा १४२ मिमीच्या आसपास यायला हवा. पट्टी लावून पाहा. जुन्या साच्यांची किटं इथेच उघडी पडतात.

रणगाडे १:३०० किंवा १:२८५ चे, धातूचे किंवा थ्रीडी प्रिंटचे. टी-५९ मिळाला नाही तर टी-५४ किंवा टी-५५ चालतो, घराणं एकच. रणगाड्याचं धड २० मिमी, तोफेसकट ३० मिमी. तीन पुरेत, चार म्हणजे डोक्यावरून पाणी. एकमेकांत ५० मीटर अंतर म्हणजे बोर्डावर १७ सेंमी; त्याहून जवळ ठेवले की पार्किंग वाटतं.

पायासाठी १२ मिमी प्लायवूड, त्यावर २० मिमी फोम. ४ मिमी बाहेरच्या व्यासाची पितळी नळी आणि तिच्यात घट्ट सरकणारी ३ मिमी पितळी सळई: या गोष्टी पुण्यात बोहरी आळीत हिंडलं की मिळतात, फक्त मोजायला व्हर्नियर खिशात न्या. दुकानदाराची ३ मिमी आणि तुमची ३ मिमी एकच असेल याची खात्री नाही. सनबोर्ड, कटर, प्लास्टिकच्या पट्ट्या अप्पा बळवंत चौकात. फेव्हिकॉल, फेव्हिक्विक, अॅराल्डाइट, पीओपी आणि पांढरी रांगोळी. रांगोळीचं कारण पुढे येईल.

विमान

उडतं विमान करायचंय, त्यामुळे चाकं बंद. सोपं वाटतं, पण बहुतेक किटं उभ्या विमानासाठी केलेली असतात. चाकांची झाकणं उघडी बसवण्यासाठी कापलेली असतात, बंद केली की प्रत्येक बाजूला तीन-चार दशांश मिलिमीटर फट राहते आणि झाकण आत ढकललं जातं. म्हणून धडाचे दोन भाग चिकटवण्याआधी खाचांच्या आतून १ मिमी जाडीच्या पट्ट्या लावून झाकणांना बसायला कठडा करा. झाकण कठड्यावर टेकवून पृष्ठभाग सपाट आहे हे नखाने चाचपा, मग फट पुट्टीने भरा. पुट्टी सुकल्यावर आकसते, त्यामुळे दोन हात द्यावे लागतात. एकाच जाड थरात भरली तर रंग दिल्यावर आठवड्याने तिथे खळगा दिसतो.

उभ्या मॉडेलसारखी नाकात वजन भरण्याची भानगड इथे नाही. त्याऐवजी विमानाला हवेत धरणाऱ्या सळईची नळी बसवायची आहे आणि तीही धड बंद करण्याआधीच. पुष्कळजण सळई मागच्या जेट पाइपात घालतात, कारण तिथे आयतं भोक असतं. बाजूने बघायच्या मॉडेलला ते ठीक. इथे डोळा वरून-मागून आहे, शेपटीतून निघालेली सळई पहिली दिसेल. नळी पोटात, पंखांच्या मध्याखाली बसवा. विमानच तिला झाकतं. सळई बोर्डावर काटकोनात उभी राहणार, म्हणून नळी धडाच्या अक्षाशी ६५ अंशांत हवी आणि तिचं खालचं तोंड नाकाकडे झुकलेलं हवं. हे उलट झालं की विमान खाली झेपावण्याऐवजी वर चढतं, आणि तोवर धड चिकटलेलं असतं. पुठ्ठ्याचा ६५ अंशांचा त्रिकोण कापून तो लावूनच चिकटवा. नळीभोवती अॅराल्डाइट भरपूर, पूर्ण २४ तास हात न लावता. फेव्हिक्विकवर ही नळी सोडू नका. पितळ आणि प्लास्टिक यांचा तो जोड ठोकर लागताच सुटतो.

नाकाच्या खाली, कॉकपिटच्या जरा मागे दोन फुगवटे असतात. गोऱ्यांनी एका नटीच्या नावावरून त्यांना 'सब्रिना' म्हटलं. गोळ्यांच्या पट्ट्यांच्या सुट्या कड्या त्यांत गोळा होत. रिकामी काडतुसं बाहेर पडत, पण कड्या बाहेर सोडल्या तर मागे धडावर आपटत, म्हणून ही सोय. पॉलिश पेपर मारताना हे फुगवटे सपाट होतात, त्यांच्यावर आधीच टेप लावा. चार ३० मिमी एडन तोफांची भोकं नाकाच्या खालच्या अंगाला, दोन्ही बाजूंना दोन-दोन. ०.५ मिमी ड्रिलने आधी टोचा, मग हाताने फिरवत मोठी करा. मोटरचा ड्रिल लावला तर प्लास्टिक वितळून भोक वाकडं होतं.

वैमानिक बसवायलाच हवा. उडत्या विमानात रिकामी खुर्ची ही चूक लोक हमखास करतात, कारण बऱ्याच किटांत माणूस येत नाही. कॅनॉपी, म्हणजे कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण, फेव्हिकॉलने चिकटवा. फेव्हिक्विकची वाफ काचेवर आतून पांढरी चढते आणि कॅनॉपी बंद झाल्यावर ती पुसायला कोणताच उपाय नाही.

रॉकेटं लावायची की नाही? त्या सकाळी हंटरांनी टी-१० रॉकेटं आणि तोफा दोन्ही वापरल्या. आमचं मत: रॉकेटं डागून झाल्यानंतरची, तोफांची फेरी दाखवा. पंखांखालच्या जागा रिकाम्या ठेवता येतात, रॉकेटांच्या काड्या करत बसायची मेहनत वाचते, आणि विमान बराच वेळ कामाला लागलंय हेही न सांगता कळतं. मारा करताना पंख सपाट ठेवा. एक पंख खाली झुकवला की दिसायला झोकदार, पण नेम धरलेलं विमान तसं नसतं.

रंग आणि पुण्याची हवा

वरून गडद हिरवा आणि गडद समुद्री करडा, खालून चंदेरी, ही हंटरची मूळची रंगसंगती. तुम्ही निवडलेल्या शेपूट-क्रमांकाचा त्या काळातला फोटो समोर ठेवा; त्यावर दिसेल ते खरं.

एअरब्रशला ०.३ मिमी नोझल, दाब १५ ते १८ पीएसआय, अंतर ८ ते १० सेंमी. त्यापुढे ऋतू बघायचा. जुलै-ऑगस्टमध्ये लॅकर मारलं की हवेतली वाफ ओल्या थरात अडकते आणि रंगावर दुधाळ पांढुरकी झाक येते. तसं झालं तर घाबरून वर दुसरा थर देऊ नका; कोरड्या दिवशी निव्वळ संथ (हळू उडणाऱ्या) थिनरचा हलका फवारा दिला की झाक बहुतेक वेळा जाते. कंप्रेसरला हवेतलं पाणी अडवणारी वाटी नसेल तर पावसाळ्यात लॅकर मारूच नये. एप्रिल-मेमध्ये उलटी तऱ्हा: हवा इतकी कोरडी की अॅक्रिलिक नोझलच्या टोकावरच सुकतं आणि कागदावर वाळूसारखे कण पडतात. चार-पाच थेंब रिटार्डर (रंगाचं सुकणं लांबवणारं द्रावण) घाला आणि दर पाच मिनिटांनी ओल्या इअरबडने टोक पुसा. निवड हातात असेल तर दिवाळी ते शिवरात्र हा काळ उत्तम.

डेकलच्या (पाण्याने चिकटवायच्या छापील चिन्हांच्या) आधी ग्लॉस क्लिअर मारा. मॅट पृष्ठभाग खडबडीत असतो, डेकलखाली हवा राहते आणि कडेला चांदीसारखी चकाकी दिसते. भारतीय चिन्हं घरी लेझर प्रिंटरवर काढणार असाल तर पारदर्शक कागद घेऊ नका. प्रिंटर पांढरा छापत नाही. केशरी कडं आणि मधला हिरवा ठिपका गडद रंगात बुडून जातात आणि पांढऱ्याच्या जागी खालचा रंग दिसतो. पांढरा डेकल कागद घ्या आणि कडेने नेमका कापा.

आता मळवणं, म्हणजे विमान वापरातलं दिसेल असं करणं. इथे हात आवरण्यासाठी एक फेरी मारा: कॅम्प-घोरपडी भागातल्या नॅशनल वॉर मेमोरियलच्या आवारात मिग-२३ बीएन उभं आहे, तेही जमिनीवर मारा करणारंच विमान. त्याच्यापासून चाळीसेक पावलं मागे जा, म्हणजे साधारण ३२ मीटर. हिशोबातले ३२ मीटर आठवतात ना? तुमच्या मॉडेलकडे बघणारा डोळा विमानापासून तेवढाच लांब आहे. तिथून पत्र्यांचे सांधे किती दिसतात, ते बघा. जवळजवळ नाहीच. तरीही मॉडेलवर काळ्या रेघांचं जाळं काढायची फॅशन आहे. सांध्यांना मूळ रंगाहून एकच छटा गडद रंग द्या, काळा नाही. मात्र तोफांच्या भोकांमागे काजळीचे पट्टे हवेत. ते मागे जाताना विरळ होत जाणारे, खालच्या चंदेरीवर जास्त उठून दिसणारे. पेस्टलची पूड कोरड्या ब्रशने, नेहमी पुढून मागे.

वाळू

१:३०० मध्ये नदीची वाळू वापरली की गणित बिघडतं. अर्ध्या मिलिमीटरचा कण म्हणजे १५ सेंमीचा दगड. थरचं वाळवंट धोंड्यांनी भरल्यासारखं दिसतं. म्हणून रांगोळी. तीही थेट नाही, मलमलच्या फडक्यातून चाळून खाली पडेल तेवढीच. रंगीत रांगोळी नको, तिचा रंग फेव्हिकॉलच्या पाण्यात सुटतो. खाण्याचा सोडा आणि मीठ दोन्ही टाळा. ओल धरतात आणि पहिल्याच पावसाळ्यात थर फुगतो.

फोम कापून लांब, उथळ टेकाडं करा. एका बाजूला मंद चढ, दुसऱ्या बाजूला तीव्र उतार. वर ३ मिमी पीओपी. शाडूची माती फुकट मिळाली तरी वापरू नका, सुकताना आक्रसते आणि टेकाडावर भेगा पडतात. पीओपी अर्ध्या तासात घट्ट होतं पण आतून वाळायला हिवाळ्यात दोन-तीन दिवस, पावसाळ्यात आठवडा. ओल्यावर रंग दिला तर पापुद्रे सुटतात, कधी बुरशीचे काळे ठिपकेही येतात.

पीओपी घट्ट होत असतानाच, साधारण दहाव्या मिनिटाला, रणगाड्यांचे माग उमटवा. लोंगेवालाच्या हवाई फोटोंत सगळ्यात आधी डोळ्यांत भरतात ते वाळूतले वेडेवाकडे माग: विमान वर आलं की चालक गोल-गोल वळत होते. तोच तुमच्या मांडणीचा जीव आहे, रणगाड्यांपेक्षाही जास्त. एका लाकडी ठोकळ्यावर २ मिमी रुंदीच्या दोन पट्ट्या चिकटवा, मध्यापासून मध्यापर्यंत ९ मिमी. हे साधन हलकं दाबत ओढा. सुरुवातीला सरळ, एका दिशेने, एकमेकांना समांतर. मग अचानक वळणं, एकमेकांना छेदणारी वेटोळी. एका मागाच्या शेवटी खोल खड्डा करून रणगाडा अर्धवट रुतवा, मऊ वाळूत अडकलेला. जेवढ्या ठिकाणी माग संपतो तेवढेच रणगाडे हवेत. हे न मोजल्यामुळे मागाच्या टोकाला काहीच नाही अशी गंमत पुष्कळदा होते.

पीओपी वाळलं की पातळ फेव्हिकॉल ब्रशने लावून चाळलेली रांगोळी चहाच्या गाळणीतून भुरभुरवा. रंग: ऑफ-व्हाइट, त्यात यलो ऑकर, आणि बर्न्ट सिएना चिमूटभर. सिएना जास्त झाली की वाळवंटाचं अंगण होतं. झुडपांसाठी वापरलेली चहापत्ती चालते, पण उकळून, उन्हात कडक वाळवून. दोन-तीन मिमीचे ठिपके, तेही विरळ.

ऊन, सावल्या, धूर

सूर्योदयानंतर तासाभराने सूर्य क्षितिजापासून सुमारे १० अंशांवर असतो, दिशा आग्नेय. त्या उन्हात वस्तूची सावली तिच्या उंचीच्या साडेपाच पट पडते. रणगाडा बोर्डावर ८ मिमी उंच, म्हणजे सावली साडेचार सेंमी, वायव्येकडे. पातळ तपकिरी रंगाने काढा, सगळ्या समांतर, काळा रंग नको.

विमानाची सावली काढायची नाही. शंभर मीटर उंचीवरच्या विमानाची सावली त्या उन्हात साडेपाचशे मीटर लांब पडते, म्हणजे १:३०० मध्ये पावणेदोन मीटरहून जास्त. ती बोर्डावर येतच नाही. विमानाच्या बरोबर खाली काळा हंटर-आकार रंगवलेला दिसला की ती भर दुपार आहे असं समजावं.

तोफांच्या माऱ्याची धूळ ठिपक्या-ठिपक्यांची सरळ रेघ नसते. चार तोफा मिळून सेकंदाला ८० च्या आसपास गोळे सोडतात, ते पसरत जातात. वाळूवर लांबट अंड्याच्या आकारात, मारा आलेल्या दिशेने लांब, कापसाचे दहा-बारा मिमीचे पुंजके लावा. मध्यात दाट, कडेला विरळ. वर तीच रांगोळी आणि वाळूचाच रंग. पांढरे ठेवले तर ढग दिसतात.

जळणाऱ्या रणगाड्याचा धूर: बारीक तार, तिच्यावर कापूस पिंजून, खाली काळा आणि वर जाताना करडा. धूर उशीसारखा दिसू नये यासाठी रंगाचा फवारा मारल्यावर कापूस चिमट्याने पुन्हा ओढून विरळ करा. दोन रणगाडे जळत असतील तर दोन्ही धुरांचा झुकाव एकाच दिशेला.

चौकी कुठे ठेवायची

सगळ्यात जास्त चुकणारी जागा ही. नाट्य यावं म्हणून विमान आपल्याच जवानांच्या डोक्यावरून समोरच्या रणगाड्यांवर झेपावताना दाखवतात. नेम थोडा कमी पडला तर गोळे आपल्याच माणसांत पडतील अशी ती दिशा. शक्य असेल तेव्हा मारा आपल्या तुकडीच्या आघाडीला समांतर करतात, म्हणजे चूक पुढे-मागे झाली तरी आपल्यांवर येत नाही. म्हणून चौकी विमानाच्या मार्गाच्या एका बाजूला, बोर्डाच्या लांब कडेला, टेकाडावर. काटेरी तारेचं कुंपण १:३०० मध्ये बारीक जाळीच्या पट्टीने सूचित करा. माणसं ६ मिमीची, पाच-सहा बस्स.

जागा उरली तर कृषक विमानही करा. त्या सकाळी सेनेचे मेजर आत्मा सिंग या छोट्या, वर पंख असलेल्या विमानातून हंटरांना लक्ष्य दाखवत होते. जेटमधल्या माणसाला वरून वाळूतला ठिपका आपला की परका हे कळायला असं कुणीतरी लागतं. पंखांचा पसारा साधारण ११.४ मीटर, १:३०० मध्ये ३८ मिमी. पाव मिमी प्लास्टिक शीटमधून तासाभरात होतो. काळ्या रंगवलेल्या ०.५ मिमी स्टीलच्या तारेवर, जमिनीपासून ६-७ सेंमी, चौकीच्या बाजूला आणि हंटरच्या नेमाच्या रेषेबाहेर.

शेवटची जोडणी

सळई प्लायवूडमध्ये पूर्ण १२ मिमी आत, खालून अॅराल्डाइट. फोममध्ये रोवलेली सळई महिन्याभरात कलते. सळईला वाळूचाच मॅट रंग द्या. वरून बघताना ती जमिनीत विरून जाते. विमान सळईवर चिकटवू नका, नुसतं सरकवा, आणि फिरू नये म्हणून सळईच्या वरच्या टोकाला व नळीला एक बारीक सपाट कड घासा. दुचाकीवरून न्यायचं झालं तर विमान काढून वेगळ्या डब्यात, पंखांना नव्हे तर पोटाला स्पंजचा आधार देऊन. धुराच्या तारा मात्र बोर्डावरच राहतात, त्यामुळे त्यांच्याहून दोन बोटं उंच पुठ्ठ्याचं झाकण आधीच करून ठेवा.